मुलीवर ठेवलेली नजर

आता तुमच्यापासून काय लपवायचं? लपवायला काही उरलेलंच नाही, म्हणून सांगतो. चहा घ्या, आणि हसू आलं तर मोकळेपणानं हसा. मला अजून येत नाही.

माझी मुलगी शीतल परभणीला एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते. रोज सेलूहून रेल्वेनं जाते-येते. तिच्यासाठी गंगाखेडकडचं एक स्थळ चालून आलं. माणसं बरी, शेती बागायती, मुलगा इंजिनिअर. मुलाच्या वडिलांनी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. मुलीचं बाहेर कुठं काही नाही ना? आणि लग्नानंतर नोकरी सोडेल ना?

आता अशा वेळी बापानं काय करावं? मुलीला विचारावं. तेवढं सोडून मी सगळं केलं.

कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात मी हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो. त्यामुळं कंप्युटरमधलं आपल्याला सगळं कळतं, ही माझी पक्की समजूत. शीतलही अधूनमधून घरच्या कंप्युटरवर बसते. शोधता शोधता मला एक फुकटचं सॉफ्टवेअर सापडलं. ते म्हणे गुपचूप आत बसतं, पडद्याचे फोटो काढतं आणि रोज सकाळी इमेलवर रिपोर्ट पाठवतं. याला स्पायवेअर म्हणतात, हे मला नंतर कळलं. ते टाकताना अँटिव्हायरसनं लाल चौकोन दाखवून बोंब मारली. सॉफ्टवेअर म्हणालं, आधी अँटिव्हायरस बंद करा. केला की! चोरानं सांगितलं कुत्रं बांधा, आणि मी बांधलं.

मग त्यानं विचारलं, रिपोर्ट कोणत्या इमेलवर पाठवू? आमच्या अख्ख्या खानदानात इमेल एकच. शीतलनं कॉलेजात असताना काढलेला. बायकोच्या गॅसला तोच, माझ्या पेन्शनला तोच, वालूरच्या मेव्हण्याच्या पीकविम्यालाही तोच. मीही तोच ठोकून दिला. तो सगळ्यांच्या मोबाइलवर उघडतो, हे डोक्यातच आलं नाही. माझ्या लेखी इमेल ही कंप्युटरच्या आतली वस्तू.

पहिला रिपोर्ट आला. त्यात शीतल औषधालाही नाही. मी पत्ते खेळतोय. मी केस काळे करायचे उपाय शोधतोय. आणि दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टात काय असावं? मी पहिल्या दिवशीचा रिपोर्ट बघतोय, त्याचा फोटो!

बायकोनं जेवायला वाढताना विचारलं, केस काळे करून कुठं जायलाव? मला वाटलं, सहज विचारतेय. मग मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, मी चिकट हाव तर मला लग्नाला बोलवू नका," म्हणाला आणि फोन कापला. तो चिकट आहे, हातचा रुपया सुटत नाही, हे मी फक्त माझ्या धाकट्या भावाला कंप्युटरवरच्या व्हॉट्सअॅपवरून लिहिलं होतं. म्हणजे भावानंच चुगली केली! मी भावाला फोन करून असा काही झापला, की त्यानंही बोलणं सोडलं. माझ्यावर नजर आहे, असं मला एकदाही वाटलं नाही. नजर ठेवणारा मी होतो ना!

एवढ्यात गंगाखेडहून निरोप आला, नोकरीचं काय ते लिहून कळवा. मी कंप्युटरवर बसून झोकात टाइप केलं : 'लग्नानंतर नोकरी सोडण्याची चि. शीतलची स्वतःचीच इच्छा आहे.' तिला विचारलं होतं का? अहो, ते तर मघाशीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शीतल स्टेशनवरून आली, ती चप्पल न काढता माझ्यासमोर उभी राहिली. हातात मोबाइल.

"पप्पा, माझी इच्छा तुमी मला कधी विचारली?"

यावर माफी मागावी ना माणसानं? मी विचारलं, "हे तुझ्याकडं कसं आलं?"

तिनं कंप्युटर उघडून पाहिला आणि तिला सगळं उमगलं. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कुणावर नजर ठेवायलाव तुमी?"

मी बायकोकडं बघितलं. तिनं तोंड फिरवलं.

असलं फुकटचं सॉफ्टवेअर ज्यानं बनवलं त्यालाही आपल्या पडद्याचे फोटो पाठवतं, पेन्शनच्या खात्याचा पासवर्डही गेला असेल, असं शीतलनं सांगितलं. मग माझ्या मोबाइलवरून तिनंच तो बदलून दिला. अशा वेळीही माझी काळजी तीच करत होती, आणि मला मान वर करवत नव्हती. मी म्हणालो, बाई, काढून टाक ते एकदाचं. ती म्हणाली, उद्या काढते, आधी मला एक पत्र लिहायचंय. आणि कंप्युटरवर टाइप करत बसली.

सकाळी ती गाडीला गेली आणि रिपोर्ट आला. पहिल्यांदाच त्यात शीतल होती. पत्र मुलाच्या वडिलांना होतं. 'मी नोकरी सोडणार नाही. माझ्याबद्दल काहीही विचारायचं असेल तर मला विचारा. पप्पांना विचारून उपयोग नाही. त्यांना माझ्याबद्दल काहीच माहीत नाही.'

तिच्या मनातलं कळावं म्हणूनच तर मी ते सॉफ्टवेअर टाकलं होतं. कळलं.

थोड्या वेळानं वालूरहून मेव्हण्याचा फोन आला. चिकट म्हटल्याचा राग त्याच्या आवाजात राहिला नव्हता.

"वाचलं दाजी," म्हणाला. "जेवलाव का तुमी?"