मोठीमायचा ट्रॅक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुमच्यासमोर बसून बोलावं लागत नाही – ते मला कधी जमलं नाही.

आधी मोठीमायबद्दल. ती माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. सौंसरच्या आमच्या विहारात बायकांचं गाण्याचं मंडळ आहे, त्यात पुढे तीच गाते. मी इंग्रजी शाळेतली. घरी मराठी बोलायचे, पण वहीतलं गाणं वाचताना अडखळायचे. चार लोकांत तोंड उघडायचीही भीती. ती मला शेजारी बसवायची. ओळीचा पहिला शब्द उचलायची आणि तिथंच रेंगाळायची – मी पोचेपर्यंत. अख्खं मंडळ माझ्यासाठी थांबायचं, आणि कधी कुणी कुरकुरलं नाही. माझ्या गळ्यात आज जे काही आहे, ते तिनं दिलेलं आहे. हे मी रोज मानते. मग तरीही मी ते कसं केलं?

गेल्या वर्षी मंडळानं ठरवलं, जयंतीच्या मिरवणुकीत डीजेवर आपलं गाणं वाजलं पाहिजे. नागपूरला कॉलेजात असताना मी लॅपटॉपवर रेकॉर्डिंग शिकले होते – प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घ्यायचा, मग सगळे एकत्र जुळवायचे. आमच्या मधल्या खोलीच्या दाराला गोधडी टांगली. एकेकीला आत बोलावलं, हेडफोन लावले, ढोलकीचा ठेका ऐकवला.

"माय वं, एकटीनंच गा लागते?" शेजारच्या काकू म्हणाल्या. "मले तं चोरी करून राहिल्यासारखं वाटते."

"मंग हळू गाय, पकडल्या जाशीन," बाहेरून कुणीतरी म्हणालं, आणि ते हसणंही रेकॉर्ड झालं.

मोठीमाय शेवटी आली. पदरात संत्री घेऊन. डोळे मिटून गायली आणि वावरात गेली.

मी जुळवायला बसले. पडद्यावर एकाखाली एक आवाजांच्या पट्ट्या. सगळ्या ठेक्याच्या रेषेला लागून, आणि मोठीमायची मागे. प्रत्येक ओळीला मागे. ती का रेंगाळते, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? खोलीत एकटी असूनही ती कुणासाठी तरी थांबत होती.

पट्टी सरकवून ते नीट करता आलं असतं. पण कारण तेवढंच नव्हतं. गाणं मी नागपूरच्या मैत्रिणींना पाठवणार होते. आणि तिचा तो भरडा, वावरात हाका मारून मोठा झालेला आवाज – मला त्याची लाज वाटली. लिहिलं एकदाचं.

मी तिचा ट्रॅक म्यूट केला. तिच्या ओळी स्वतः गायले, आवाज थोडा जाड करून.

मिरवणुकीत गाणं लागलं तेव्हा ती माझ्याजवळ उभी होती. पांढरी साडी. तिनं माझं मनगट धरलं.

"हा माया आवाज होय नं वं?"

स्वतःचा आवाज तिनं असा बाहेरून कधी ऐकलाच नव्हता. मी मान हलवली. नुसती मान – पण खोटं बोलायला तेवढी पुरते. मग ती प्रत्येकीला सांगत सुटली, "पोरीनं पाहा किती गोड काहाडला माया आवाज." मैत्रिणींनीही गाण्याची वाहवा केली.

यंदा नवं गाणं आहे. परवा मोठीमाय आली, आता सवय झाल्यासारखे स्वतःच हेडफोन लावले आणि गायली. मी पडद्याकडे बघत राहिले. पट्टी अगदी रेषेला लागून. आवाज बारीक, जपून, जरासा शहरी. ती माझ्यासारखी गात होती. वर्षभर फोनवर ते गाणं लावून तिनं तालीम केली होती – स्वतःसारखं गाता यावं म्हणून.

"मागच्यासारखा निंगाला का?" तिनं विचारलं.

"निघाला."

तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुये उपकार आहेत वं, पोरी. मले माया आवाज तूच दाखोला."

मी ते उपकार ठेवून घेतले.