विमानात न चढलेले दोन जीव

माझ्या धाकट्या बहिणीला रक्ताचा कर्करोग झाला तेव्हा ती बंगळुरूला राहत होती. नवऱ्याची नोकरी तिथं. मुलगी एकच, तिसरीत. आम्ही वाशिमकडच्या मेडशीचे, सोयाबीन-तुरीचे लोक. फोन आल्यावर मी पेरणीच्या आधीची सगळी कामं घरधन्यावर टाकून बहिणीकडे गेले आणि तिथंच राहिले.

मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं की आता जे औषध सुरू होणार आहे, त्यानं तिच्या अंगातली रोगाशी लढायची ताकद पार जाईल. घरात जनावर नको. लहान मूलही काही महिने दूर ठेवा.

घरात जनावरं होती. दोन गिनीपिग. सशापेक्षा लहान, उंदरापेक्षा बरेच मोठे, शेपूट नसलेले. एक काळा, एक तपकिरी. बहीण धडधाकट होती तेव्हा तिनंच लेकीच्या वाढदिवसाला आणलेले. प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज झाला की काकडी आली समजून दोघंही शिट्टी मारल्यासारखे ओरडायचे. जावयांनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, शेजारीपाजारी विचारून पाहिलं, पण कोणी घ्यायला तयार झालं नाही. आणि मुलीनं मला एकदाच सांगितलं, "मावशी, मी येते गावाला. पण त्यांना सोडून नाही."

बहिणीनं मला पलंगाजवळ बोलावलं. तिच्या डोक्यावर केस उरले नव्हते. म्हणाली, "ताई, मी तर तिले आता जवळबी घेऊ शकत नाई. ते दोघं तरी राहू दे तिच्यापाशी."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

जनावरांच्या डॉक्टरनं सांगितलं, या जातीला ऊन अजिबात सोसत नाही, रेल्वेनं नेलं तर वाटेत मरतील. म्हणून विमान ठरलं. नागपूरला उतरायचं, तिथं घरधनी जीप घेऊन येणार, मग समृद्धी महामार्गानं शेलूबाजार, आणि तिथून घर. जावयांनी विमान कंपनीला फोन करून विचारलं होतं. पाळीव प्राणी चालतात, पेटी आणि डॉक्टरचा दाखला आणा, असं तिकडून उत्तर आलं. कोणता प्राणी, ते ना यांनी सांगितलं, ना त्यांनी विचारलं.

मी आयुष्यात पहिल्यांदा विमानतळावर पाय ठेवला तो असा, एका हातात पेटी आणि दुसऱ्या हातात मुलीचं मनगट. जावई येऊ शकले नाहीत. औषध त्याच दिवशी सुरू होणार होतं.

काउंटरवरच्या मुलीनं पेटीच्या जाळीतून पाहिलं आणि साहेबाला बोलावलं. तो वाकला, नीट बघितलं, आणि हिंदीत म्हणाला, "कुत्रा किंवा मांजर असतं तर सामानात घेतलं असतं. हे उंदराच्या जातीचे आहेत. विमानात उंदराच्या जातीचं काही चालत नाही."

मी माझ्या वऱ्हाडी हिंदीत सगळं सांगितलं. बहीण, औषध, ऊन. त्यानं ऐकून घेतलं. तो उर्मट नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त भीती वाटली. उर्मट माणसाशी भांडता तरी येतं. "घरून कोणाला तरी बोलवा, हे घेऊन जातील. तुम्ही दोघी जा," तो म्हणाला.

मी जावयांना फोन लावला. लावत राहिले. त्यांचा फोन दवाखान्यात बाहेर ठेवायला लावला असणार. मला पदराखाली एकेक लपवून न्यायचंही सुचलं. मी पदर सारखा करताना मुलीनं पाहिलं आणि विचारलं, "तपासणीच्या मशीनमध्ये त्यांचं काय होईल?" मी पदर सोडला.

मग मी खाली बसून तिला म्हटलं, "टॅक्सीवाल्यापाशी देऊ बाळा. तुझे बाबा मागून गावाले घेऊन येतीन त्याईले."

"नाही आणणार," ती म्हणाली. "मम्मीला इन्फेक्शन होईल म्हणून कुठंतरी सोडून देतील. मला माहीत आहे."

ती रडली नाही. पेटीला पाठ लावून तिथंच फरशीवर बसली. लोक आपापल्या बॅगा तिच्या बाजूनं वळवून नेत होते. आमची नावं पुकारली गेली, पुन्हा पुकारली गेली. मला वाटलं तिला उचलावं, ओढत न्यावं, दोन उंदरांपायी काय हे. पण ज्या लेकराला आईच्या खोलीच्या दारातूनच निरोप घ्यायला लावला होता, तिला आता आणखी ओढायची माझी हिंमत होईना. विमान गेलं.

बाहेर एका खांबाजवळ बसून मी घरधन्याला फोन केला. रडत रडतच. ते नागपूरच्या वाटेवर होते. मी सांगितलं तेवढं ऐकून त्यांनी विचारलं, "काहून रडून राह्यली? पोरगी बरी हाय ना?"

"हाय."

"मंग झालं. बसनं हैदराबादले जाय. तिथून वाशिमची गाडी भेटते. मी वाशिमच्या ठेसनावर राहतो."

रेल्वेत मरतील असं डॉक्टरनं सांगितलं होतं, पण परत बहिणीच्या घरी जाणंही शक्य नव्हतं. हैदराबादपर्यंतची बस थंड होती. दोघंही गवतात तोंड खुपसून झोपले आणि मला उगाच वाटलं की निभावेल. रेल्वेत मात्र भट्टी होती. पंख्यातून गरम वारा येत होता. नांदेड मागं पडलं तसं काळ्यानं काकडी खायची सोडली. मग तो कुशीवर पडला. पोट भराभर खालीवर होत होतं. मुलगी पेल्यात बोटं बुडवून त्याच्या कानांवर पाणी लावत होती. कान तापले होते. आमच्याकडचं पाणी संपत आलं.

समोर कामावरून गावी परतणारी माणसं बसली होती. त्यातली एक बाई आमच्याच भागातल्या आसेगावकडची होती, विटांच्या कामाला गेलेली. ती कितीतरी वेळ आमच्याकडे बघत होती. "मायबाई, हे कोणतं जनावर हाय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. स्वतःच्या बाटलीतलं पाणी तिनं ओढणीवर ओतलं आणि ती ओली ओढणी पेटीभोवती गुंडाळून दिली. पुढच्या स्टेशनावर ती खाली उतरून पुन्हा पाणी भरून आली.

हिंगोली सुटल्यावर काळा गेला. आधी मला कळलंच नाही. मुलीनं त्याला पेटीतून काढून मांडीवर घेतलं आणि त्याच्यावर हात ठेवून बसली, तेव्हा कळलं.

आणि तेव्हाच बहिणीचा फोन आला. औषध चढवून झालं होतं. विमान चुकल्याचं तिला जावयांकडून कळलं होतं. आवाज विहिरीतून आल्यासारखा. "पोहोचले का वं ताई? दोघं बरे हायेत ना?"

मी बरे आहेत म्हणणारच होते. मुलीनं माझ्या हातातून फोन घेतला. "मम्मी, काळा मेला," ती म्हणाली. "ऊन लागलं त्याला."

मला वाटलं, झालं, आता तिकडं काय होतंय देव जाणे. मी फोन परत घ्यायला हात पुढं केला. मग बहिणीचा आवाज आला, सावकाश. "दुसऱ्याले एकटं नको ठेवू. त्याच्याजवळ आरसा ठेव. त्याले वाटन कोणी हाय." आणि मग मुलगी रडली. आई फोन धरून राहिली, ती रडत राहिली.

वाशिमला घरधनी उभे होते. त्यांनी काळ्याला आपल्या दुपट्ट्यात घेतलं. आम्ही त्याला आमच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या मातीत, पुरलं.

तपकिऱ्यासाठी मातीच्या भिंतीची धान्याची खोली रिकामी केली, दाराला ओलं पोतं लावलं. मामाजींनी, माझ्या सासऱ्यांनी, दाढीचा आरसा दिला. तरी तो खाईना. आरशाकडे पाठ करून कोपऱ्यात बसायचा. मुलगी त्याच्याशेजारी जमिनीवर झोपायची, आणि मी दोघांकडे बघत दारात. दवाखान्यातून रोज वेगळी बातमी यायची. रक्त चढवलं, ताप आला, ताप उतरला. त्या दिवसांत मला एकाही गोष्टीचा भरवसा वाटत नव्हता. मग एका सकाळी त्यानं गाईच्या वैरणीतला कोवळा घास ओढून खाल्ला. मुलीनं मला हाक मारली नाही, हालायचीसुद्धा तिला भीती वाटत होती. मी आले तेव्हा ती श्वास रोखून बघत होती.

बहीण वाचली. अजून तपासण्या सुरू आहेत, पण ती घरी आहे, डोक्यावर केस आले आहेत. दिवाळीनंतर जावई येऊन मुलीला घेऊन गेले. तपकिऱ्या इथंच राहिला, कारण डॉक्टर अजून जनावराला परवानगी देत नाहीत. जाताना मुलगी त्याच्यापाशी बराच वेळ बसली आणि मला म्हणाली, "मावशी, रोज त्याच्याशी थोडं बोलत जा."

मी बोलते. त्याच्याशी काय बोलायचं ते मला कळत नाही, म्हणून मग यंदा तुरीला फुलोरा कसा आहे ते सांगते.