राबातून वाचवलेला भुसा

नवी नवरी असताना पारूबाईनं कुडाआडून सासू-सासऱ्यांचं भांडण ऐकलं होतं. वालाची मळणी उरकली होती. सासरे सोमा म्हणत होते, "भुसा समदा राबाला. जमीन भाजल्याबिगर भाताचं रोप धरत नाय."

सासू म्हणाली, "कालवड नुसता पेंढा चघळून काठी झाली. तिच्या पोटात घाला की जरा."

"गुरांना पेंढा पुरतो," म्हणून सासऱ्यांनी भुसा जाळला. कालवड वाळकीच राहिली, माजावर कधी आली नाही, शेवटी बाजार दाखवला तिला. नव्या सुनेनं तोंड उघडायचं नसतं, पण कान थोडेच बांधून ठेवलेले असतात?

आता सासू-सासरे गेले. कुंभिवलीत घरामागं हायवे आला, कारखाने आले, आणि पारूबाईचं तोंडही मोकळं झालं. गोठ्यात तिची मोगरी होती, वर्षा-सव्वा वर्षाची कालवड. लेक प्रबुद्ध खोपोलीला कामाला जातो. तो म्हणाला, "आई, पेंढ्यावर गाय होत नाय. भातकापणीपर्यंत गाभण राहिली तर ठेवू, नायतर देऊन टाकू."

"देऊन टाकायला ती काय जुनी सायकल हाय रं?"

त्या साली पारूबाईनं राबाला रानातला पाला गोळा केला आणि वालाचा भुसा माळ्यावर चढवला. पण हौस माणसाला पुरतं बुडवते. ओढ्याकाठच्या सुबाभळीचा पाला मोगरीला फार आवडला, म्हणून बाईनं टोपल्याच्या टोपल्या पुढ्यात टाकल्या. महिन्याभरात शेपटीचे केस झडले.

शेजारची आवडी कुंपणावरून म्हणाली, "पारूवैनी, जावळ काढलंत काय गं कालवडीचं?"

"काढलं. तुला बोलवायचं राहिलं," पारूबाई म्हणाली, आणि तशीच गुरांच्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टरनं सांगितलं, सुबाभळीचा पाला तोंडी लावण्यापुरता, पोट भरायला नव्हे.

मग तिनं बेत बदलला. पेंढा कोयत्यानं बारीक तोडायचा, मीठ-गुळाचं पाणी शिंपडायचं, त्यात वालाचा भुसा मिसळायचा, वर शेवग्याचा पाला. सुबाभूळ मूठभर. पावसाळाभर हा नेम चुकला नाही. मोगरीच्या फासळ्या झाकल्या, अंगावर तकाकी आली, आणि गणपतीच्या सुमारास एका सकाळी तिनं हंबरून आळी उठवली. माजावर आली होती. डॉक्टरला बोलावलं आणि गाभण राहावी म्हणून मोगरी भरवली.

भातकापणी उरकली, खळ्यात पेंढ्याची उडवी रचून झाली, तेव्हा डॉक्टर तपासायला आला. हात धुता धुता म्हणाला, "गाभण हाय, मावशी."

प्रबुद्ध दारात उभा होता. "मग ठेवू या," तो म्हणाला.

"तुला इचारलं कुणी?" पारूबाई म्हणाली. "आता दोन जिवांची हाय ती. उद्यापासून पेंढा तू तोडायचा."

तो हसला, पण नाही म्हणाला नाही.

ऊन कलल्यावर पारूबाईनं कोयता घेतला, गोणपाट खांद्यावर टाकलं आणि बांधावरच्या शेवग्याकडे निघाली. कोवळ्या फांद्या सोडून जून पाला तेवढा उतरवला, घरी आणून मोगरीपुढं पसरला आणि तिचं खाणं होईस्तोवर गोठा झाडून घेतला.