रत्नमालानं मेळावा नागपुरात भरवला

रत्नमाला पडघान रिठदच्या बाजूला, आमच्या गावात कपडे शिवते. शाळेचे गणवेश तिच्याच मशिनीवर शिवले जातात. दहावी तिनं याच शाळेतून काढली, एकदा गणितात आपटून. म्हणून कुणी "संस्थावाल्यांची शाळा" म्हटलं की ती कात्री खाली ठेवते. "त्यायची कायची? पत्रे गळत होते तवा आमीच बसलो होतो तिथं."

शाळा खाजगी, विनाअनुदानित. सचिव रामराव. माणूस वाईट नाही असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही. गेल्या वर्षी त्यांनी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरवला. देणगी जमवायची, समिती निवडायची, पैसा कशाला लावायचा ते समितीनं ठरवायचं. रामरावांच्या मनात रंगमंच होता, रत्नमालाच्या मनात पोरींचा संडास. शाळेत धड संडास एकच, त्यालाही कुलूप. किल्ली ऑफिसात, पाहुण्यांसाठी. रत्नमालाची धम्मदीपा आठवीत. पाळी आली की शाळा बुडवून घरी बसायची.

पत्रिका आली. तारीख दसऱ्याची, का तर नोकरीवाले सुटीत गावी असतात.

रत्नमाला पत्रिका घेऊन थेट रामरावांच्या ओसरीवर. मी, तिच्याच मोहल्ल्यातली, सोबत होते.

"दादा, दसऱ्याले आमचा अख्खा मोहल्ला नागपूरले दीक्षाभूमीवर राह्यते. तुमाले मालूम नाई?"

"एक वर्ष नाई गेलं तं काय बिघडते, रत्ना?"

"एक वर्ष तुमी सोनं नाई वाटलं तं काय बिघडते?"

आत त्यांची बायको चतुराबाई हसली आणि पदरात खोकली.

"पत्रिका छापून झाल्या आता," रामराव म्हणाले. "तुमी नका येऊ, वर्गणी धाडून द्या. नावं वाचून दाखवू."

माझं डोकं फिरलं. मी तोंड उघडणार तोच रत्नमालानं माझा हात दाबला.

"जिथं आमाले बसाले जागा नाई, तिथं आमचा पैसा बी उभा राह्यत नाई, दादा."

परतताना ती वाटेत थांबली. मग म्हणाली, "आपली पोरं पुण्याहून, सुरतेहून दसऱ्याले कुठं येतात व? गावात का नागपुरात?"

झालं. तिनं मोबाइलवर सगळ्यांना निरोप धाडला, मेळावा नागपुरातच.

दीक्षाभूमीच्या रस्त्याला, भोजनदानाच्या मंडपामागे आम्ही ताडपत्री अंथरली. पुण्याच्या कंपनीतला संघदीप आला, नाशकात मिस्त्रीकाम करणारा इंद्रभान आला, दवाखान्यातली हेमला आली. लोक येतच राहिले, ताडपत्री पुरेना. हातात पुरीभाजीचे द्रोण घेऊन माणसं उभीच.

"रंगमंच का संडास?" रत्नमालानं विचारलं.

"ताई, रंगमंचावर नाव येते," संघदीप म्हणाला. "संडासावर कोनाचं लिवता?"

"तुयंच लिवतो, चाल."

सगळे खो खो हसले, आणि पहिलं पाकीट संघदीपनंच काढलं. पैसा संस्थेच्या हाती द्यायचा नाही, विटा-सिमेंट आपण घ्यायचं आणि इंद्रभाननं बांधायचं, हे तिथंच ठरलं.

दिवाळीनंतर विटांचा ट्रॅक्टर शाळेपुढे रिकामा झाला. रामरावांनी गेट उघडलं नाही.

"संस्थेत पैसे भरा. काय बांधायचं ते आमी पाहू."

"पाहा मंग," म्हणत रत्नमाला विटांवर बसली. "मी मशीन बी इथंच आनतो. पुढचे गणवेश रस्त्यावर शिवीन."

दुपारची सुटी झाली. पोरी आतून गेटाशी आल्या. धम्मदीपानं गजांतून हात बाहेर काढला. "माय, एक वीट दे." रत्नमालानं दिली. मग दुसरीनं मागितली, तिसरीनं मागितली. विटा गजांतून आत जाऊ लागल्या, भिंतीशी रचल्या जाऊ लागल्या. कुणी घोषणा दिली नाही. रामराव ओरडणार होते, पण रांगेत त्यांची नात संस्कृती दिसली, गणवेशभर लाल धूळ.

"तू काहून इथं?"

"आजोबा, आमाले बी लागते ना."

रामराव वळले. शिपायाला म्हणाले, गेट उघड.

काम पुरं झालं तेव्हा रामराव पाहायला आले. दार ढकलून पाहिलं, आतली कडी लावून पाहिली. मग बाहेरून दारावर हात फिरवत म्हणाले, "इंद्रभान, कुलपाचा कोयंडा राह्यला रे."

इंद्रभाननं रत्नमालाकडे पाहिलं.

"राह्यला नाई, दादा," ती म्हणाली. "लावलाच नाई."