सागरी हवामानातले पापड

आयर्लंडमधल्या पहिल्या वर्षी साबुदाण्याच्या पापडांसाठी मी कडक उन्हाची वाट बघत बसले. शेजारच्या आजी चादर वाळत घालताना म्हणाल्या, “अगं, उन्हाळा चालू आहे की! इथे याहून तापत नाही.”

समुद्र इथे उन्हाळ्याला पोळू देत नाही, हिवाळ्याला गोठू देत नाही. पाऊस मात्र बाराही महिने. समशीतोष्ण सागरी हवामान शाळेत पाठ केलं होतं, पण पापडाशी त्याचा संबंध कुणी सांगितला नव्हता.

सर आली. आजींनी चादर काढली, सर गेल्यावर पुन्हा घातली. दिवसात चारदा, न चिडता.

दुसऱ्या दिवशी मी पापड घातले. काढले, घातले. नववा दिवस उजाडला. एक वाकवून पाहिला. कटकन मोडला!