माधवनगरच्या रामेनचा रस्सा

मंडळाच्या गड्यांनो, आज फळ्यावर बातमी न्हाई, माझाच अनुभव लिहितोय.

शिराळ्याची एसटी चुकली, जीव पार दमला. माधवनगरला गिरणीपुढं अण्णांनी रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या जपानी शेवयांचं हॉटेल टाकलंय. अण्णा जपानला जाणाऱ्या बोटीवर आचारी होते. तिथं टेकलो.

सवयीनं म्हणालो, "अण्णा, रस्सा वाढा." त्यांनी दोनदा वाढला. तिसऱ्यांदा पळी तळाला लागली.

"संपला रं. पहाटंपासनं हाडं उकळून थोडकाच होतोय, आन् सगळेच दोन-दोनदा मागत्यात. जपानात दुसऱ्यांदा कुणी मागत न्हाई."

"मग न्हाई म्हणायचं की!"

"सांगलीत? रश्श्याला न्हाई म्हणलं तर परत कोण येतंय?"

तेवढ्यात गिरणी सुटली. पहिल्यांदाच सात-आठ कामगार रामेन खायला दारात आले आणि अण्णांनी हात जोडून त्यांना माघारी लावलं.

लय वाईट वाटलं. उद्या सगळेच जाऊया का? पण रस्सा एकदाच घ्यायचा. जमंल का आपल्याला?