नंदूचा भुंगा

ॲम्प्लिफायर उघडून पुन्हा बंद केला, की दोन स्क्रू उरतात आणि एक किस्सा. स्क्रू हरवतात हो, किस्से मात्र आमच्याकडे डबाभर साठलेत!

कॅसेटचे दिवस होते. डोंबिवलीत नंदूच्या गॅलरीत दर रविवारी आम्ही तिघं जमायचो: नंदू, मानपाड्याचा प्रदीप म्हात्रे आणि मी. नंदूने ॲम्प्लिफायरचा तयार स्टिरिओ बोर्ड आणलेला. ट्रान्सफॉर्मर आणि दोन स्पीकर जोडायचे, पत्र्याच्या डब्यात बसवायचा, झालं! पण चालू केला की गाण्याच्या आधीच घूंऽऽ!

नंदूचे वडील, अण्णा, म्हणाले, "भुंगा पाळलायस का रे?"

टेबलावर त्यांचा जुना रेडिओ होता आणि नंदूला ती जागा ॲम्पसाठी हवी होती. "भुंगा गेला की रेडिओ हलवीन. तोवर नाही!"

नंदू इरेला पेटला. टेबलाचं काय एवढं! अण्णांनी एकदा 'जमलं' म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं.

*

डब्याला अर्थिंगची वायर जोडायचीच राहिली होती. प्रदीप ओरडला, "नंद्या, ह्याला अर्थच नाय!"

आतून अण्णा म्हणाले, "मी महिनाभर तेच सांगतोय!"

वायर जोडली. भुंगा जरा दमला, पण गेला नाही.

*

नंदूच्या आईला वाटलं, दोन स्पीकर आहेत, तर एक स्वयंपाकघरात असू दे. नेऊन ठेवला. पाच मिनिटांत ती लाटणं घेऊन बाहेर! "अरे, गाणारी बाहेर बसवलीत आणि माझ्याकडे नुसता तबलजी पाठवलात होय?"

*

प्रदीपच्या चुलतभावाची हळद होती. मोठ्या हौसेने ॲम्प मानपाड्याला नेला, कॅसेट लावली. हळदीची गाणी म्हणणारी म्हातारी धवलारीण दोन मिनिटं कान देऊन उभी राहिली. मग म्हणाली, "गानी बंद कर रं पोरा, पन त्यो मागचा सूर ऱ्हाऊं दे!"

आणि भुंग्याच्या सुरात तासभर गायली! मांडव खूश. नंदूचं तोंड मात्र एवढंसं झालं. मला फार वाईट वाटलं.

*

पुढचे तीन रविवार त्याने सगळं उसकटलं. ट्रान्सफॉर्मर बोर्डापासून लांब सरकवला, अर्थच्या सगळ्या वायरी एकाच बोल्टला आवळल्या. चौथ्या रविवारी दुपारी अण्णांना बोलावलं. अण्णा चष्मा लावून आले, स्टूल ओढलं आणि थेट स्पीकरला कान लावून बसले.

कॅसेट अजून लावायची होती. नंदूच्या कपाळावर घाम. आई दारात. कोणी हलेना.

मिनिटभराने अण्णा वैतागले. "अरे, चालू कर की आता! म्हाताऱ्या माणसाला किती वेळ बसवून ठेवशील?"

शेवटी मीच म्हटलं, "अण्णा, फुल व्हॉल्यूमवर आहे!"